चौकोनातलं जोडाक्षर

उज्वला गांगुर्डेला ओळखत नाही असा वकील नाशिकच्या कोर्टात सापडायचा नाही, आणि तिच्याकडून एकदा तरी बोलणी खाल्ली नाहीत असा तर मुळीच सापडायचा नाही. कोर्टाच्या कुंपणाला लागून टायपिंगवाल्यांची रांग आहे, तिच्यात कडुनिंबाखालचं टेबल तिचं. वर निळी ताडपत्री, टेबलाच्या लंगड्या पायाखाली फरशीचा तुकडा, समोर पक्षकारासाठी प्लास्टिकची खुर्ची. त्या टेबलावर चहाचा ग्लास ठेवायचा नाही, तोंडात पान ठेवून मजकूर सांगायचा नाही, आणि 'पटकन करा मॅडम' हे तर चुकूनही म्हणायचं नाही. म्हटलं की बाई दोन्ही हात मांडीवर घेऊन शांत बसते. मग पटकन राहिलं बाजूला, सावकाशही काही होत नाही.

भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नावातल्या दुरुस्तीचे अर्ज, सगळं ती करते. पण तिच्या हाताखालून सर्वांत जास्त काय गेलं असेल तर वाटण्या. भावाभावांच्या, चुलत्यापुतण्यांच्या, विहिरीच्या, बांधाच्या, एकदा तर गोठ्यातल्या गव्हाणीची. नाशिक जिल्ह्यात द्राक्षांपेक्षा भरघोस पीक वाटणीच्या दाव्यांचं येतं, असं ती म्हणते. आणि इतकी वर्षं ते टाइप करून तिचं एक मत ठाम झालंय, की एका घरात दोन चुली मांडू नयेत. राहायचं तर एकत्र राहा, नाही तर सरळ निघा. मधे दोरी बांधून इकडचं तुझं नि तिकडचं माझं केलं, की ते भांडण नातवंडांच्या ताटात येतं. ती स्वतः नवऱ्याच्या घरातून अशीच सरळ निघून आली होती, लग्नानंतरची दुसरी दिवाळी व्हायच्या आत. का आली, ते विचारायचं नाही. टेबलाच्या नियमांत तोही एक नियम आहे.

हे चुलीचं मत तेवढं लक्षात असू द्या, कारण पुढचा सगळा घोळ त्यानंच घातला.

राहते ती नाशिकरोडला, जेलरोडच्या मागच्या अंगाला एका बैठ्या कॉलनीत, बापाजवळ. बाप म्हणजे धोंडीराम गांगुर्डे, सगळ्या कॉलनीचे आबा. विंचूरकडून पोट भरायला आलेला गडी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळसा उतरवायला लागला. कोळशानं भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी यायच्या, त्या रित्या करायच्या. संध्याकाळी अंग घासून घासून पाणी काळं व्हायचं, अंग मात्र गोरं व्हायचं नाही. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिली, पण गळा असा की भीमजयंतीच्या मांडवात धोंडीरामाची गायनपार्टी नसेल तर मांडवाला खर्च कशाला करायचा, असं लोक म्हणायचे. गाणी स्वतःच रचलेली. लिहिता येत नव्हतं, त्यामुळं ती तोंडात जुळायची आणि तोंडातच राहायची. त्यांतलं सगळ्यांत गाजलेलं एकलहऱ्याच्या चिमणीचं:

एकलहऱ्याची चिमणी बाई काळा धूर सोडी,
उजेड गेला शहराला, अंधार माझ्या झोपडी.

ह्यात अलंकार वगैरे काही नव्हता. आबांची झोपडी लांब ओढ्याकाठी होती आणि तिथवर तारा पोचल्या नव्हत्या. बाहेर आकाशाएवढी चिमणी, आत रॉकेलची वीतभर चिमणी. त्या वीतभर चिमणीच्या उजेडात मुलगी जन्मली म्हणून तिचं नाव उज्वला. शाळेत घालताना मास्तरांनी त्या नावात एकच ज लिहिला, दुसरा खाऊन टाकला. शुद्धलेखनवाले अजून टोकतात. ती म्हणते, माझ्या बापाच्या गाण्यात एवढाच ज बसतो, तुमचा तुमच्याजवळ ठेवा.

मॅट्रिकनंतर आबांनी तिला नाशिकरोडच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये घातलं. तिथल्या खटखट करणाऱ्या मराठी टाइपरायटरवर तिची बोटं बसली ती कायमची. पुढं कॉम्प्युटर आले, पण अशा हातांची सोय करणारे फॉन्टही आले, म्हणजे किल्ल्यांची जागा टाइपरायटरचीच, फक्त कागदाऐवजी पडदा. उज्वला वापरायची तो 'गोदा' नावाचा फॉन्ट नाशिकच्या एका छापखानेवाल्यानं स्वतःपुरता बनवून घेतलेला. ती तिथं काही वर्षं कामाला होती. छापखाना मिटला, मालक वारले, फॉन्ट तेवढा तिच्यासोबत एका कॉम्प्युटरातून दुसऱ्यात असा फिरत राहिला. त्याच फॉन्टात तिनं आबांची गाणी उतरवून घेतली. रविवारी आबा खाटेवर बसून म्हणायचे, ती टाइप करायची. ते मधेच चाल बदलायचे, ती चिडायची, ते हसायचे. एवढ्या खटाटोपाला नाव एकच, 'आबा' नावाची एक फाइल.

आणि बरं झालं तिनं ते केलं. कारण आबा विसरायला लागले.

आधी चष्मा विसरले, मग रोजच्या दुकानातून घरी यायचा रस्ता, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, वयाचा आजार आहे, गोळीनं थांबेल असा नाही. मग एके दिवशी सकाळी आबांनी तिला हाक मारली, "ओ बाई, जरा पाणी द्या." लॅपटॉपपुढं बसलेली ही बाई कुठल्या तरी कचेरीतली असावी, अशी त्यांनी समजूत करून घेतली, आणि त्या दिवसापासून तिचं नाव बाई झालं. आयुष्यात पहिल्यांदा बापानं मला अहोजाहो केलं, असं ती टेबलावर हसत सांगते. हसते ती फार वेळ नाही.

गाणी मात्र गेली नव्हती. तुटली होती, पण गेली नव्हती. दिवेलागणीला आबा खाटेवर मांडी घालायचे, गुडघ्यावर हातानं ठेका धरायचे आणि सुरू करायचे. दोन ओळी झाल्या की अडकायचे. "पुढं काय?" असं म्हणून तिच्याकडं बघायचे. मग उज्वलानं लॅपटॉपवर बघून पुढची ओळ द्यायची. नुसती सुरुवात दिली की आबांची गाडी उताराला लागायची, थेट पुढच्या अडथळ्यापर्यंत. गायनपार्टीत मागं बसून झील धरणारे असतात ना, तसंच, फक्त इथं झीलकरी पुढं आणि शाहीर मागं. गाणं पुरं झालं तर आबा जेवायचे. मधेच राहिलं तर ताट सरकवून द्यायचे, मग कोणी कितीही विनवा.

त्यातही एक मेख होती. चिमणीच्या गाण्याचं शेवटचं कडवं उज्वला देत नसे. त्यात तिचं नाव होतं. एकदा तिनं ते वाचलं होतं, तेव्हा आबांनी गाणं थांबवून अगदी अदबीनं विचारलं होतं, "ही कोण उज्वला?" तेव्हापासून ती एक कडवं आधीच "संपलं आबा" म्हणून टाकायची. आबा मान डोलवायचे, जेवायला बसायचे, पण अर्धी भाकरी टाकून उठायचे. कुठंतरी काहीतरी राहिलंय, हे त्या माणसाला कळत असावं.

अशात लॅपटॉपनं मान टाकली. सकाळी चालू करून ती दळण टाकून यायची, परत येईतो पडद्यावर जेमतेम घड्याळ उमटलेलं असायचं. त्यात रोज एक सूचना, की ह्या जुन्या विंडोजला आता नवं काही मिळणार नाही. शेजारच्या टेबलवाल्यांनी सांगितलं, नवा घ्या. उज्वलाला ते काही पटेना. चालतंबोलतं यंत्र आहे, म्हातारं झालं म्हणून कोणी टाकून देतं का, आमच्या घरी अशी पद्धत नाही, असं ती म्हणाली.

तिची एक जुनी विद्यार्थिनी आहे, तेजस्विनी. दहावीच्या सुट्टीत हिच्याकडं टायपिंग शिकली, आता एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. तिनं सांगितलं, मॅडम, लॅपटॉप धडधाकट आहे, त्याच्यावर लिनक्स टाका, पळायला लागेल. लिनक्स म्हणजे काय, तर विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण ही कोणा एका मालकाची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली, कोणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, पुढं द्यावी. उज्वलानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बक्षीसपत्र. आणि दिलेलं परत मागता येत नाही, असं?" तेजस्विनी म्हणाली, अगदी तसंच. झालं, बाईंचं समाधान झालं.

रविवारी सकाळी तेजस्विनी पेन ड्राइव्ह घेऊन आली. आबा खाटेवर बसून दोघींकडं बघत होते. त्यांना वाटलं, मीटर बघायला माणसं आलीत. तेजस्विनीनं आधी लॅपटॉपमधलं सगळं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून घ्यायला सांगितलं. उज्वलानं कोर्टाचे नमुने घेतले, फोटो घेतले, 'आबा' तर सर्वांत आधी घेतलं. मग भाषा निवडायची वेळ आली. तेजस्विनी इंग्रजी म्हणत होती, उज्वलानं मराठी लावायला लावली. कॉम्प्युटर मराठीत बोलतोय तर त्याला इंग्रजीत कशाला बोलायला लावायचं?

आणि कॉम्प्युटर बोलायला लागला तो थेट तहसील कचेरीतलं. डिस्कचं विभाजन कसं करायचं, हे त्यानं विचारलं. पुढं 'अदलाबदल' म्हणून काहीतरी आलं. उज्वला खुर्ची ओढून पुढं सरकली. विभाजन, अदलाबदल, अहो हे तर रोजचंच. अदलाबदल पत्राला दोन्ही पक्षकार हजर लागतात, ह्यात दुसरा कोण, असं तिनं विचारलं, तेव्हा तेजस्विनीला हसू आवरेना. मग पडद्यावर मुख्य प्रश्न आला. जुनी विंडोज आहे तिच्या शेजारी नवी बसवायची, की जुनी पुसून सगळी डिस्क नवीला द्यायची?

तेजस्विनी म्हणाली, "मॅडम, शेजारी-शेजारी ठेवू. अर्धी तिला, अर्धी हिला. काही दिवस जुनी असू द्या, काही राहिलं-बिहिलं तर सापडेल."

दुसरं कोणी असतं तर हो म्हणालं असतं. पण समोर वाटणी दिसत होती, आणि बसली होती उज्वला गांगुर्डे.

"नाही," ती म्हणाली. "वाटणी नको. अर्धं तिचं अर्धं हिचं केलं की दोघी कुरकुरतात. मी रोज बघते. एक घर, एक चूल. पूस."

तेजस्विनीनं पुन्हा एकदा विचारलं, सगळं घेतलंय ना? सगळं घेतलंय, बाईंनी सांगितलं. आणि घेतलं होतंच. घर बदलताना माणूस डबे मोजतो, पातेली मोजतो, गाद्या मोजतो. भिंतीतला खिळा कोण मोजतो? 'गोदा' फॉन्ट तिच्या फाइलींत नव्हता, तो विंडोजच्या पोटात होता. तो विंडोजबरोबर गेला, आणि जाताना त्यानं आवाजही केला नाही.

दुपारपर्यंत लॅपटॉप खरंच पळायला लागला. तेजस्विनीनं टाइपरायटरच्या किल्ल्यांची मराठी लावून दिली. उज्वलानं 'एकलहरे' टाइप केलं, 'नाशिकरोड' टाइप केलं, बोटं सरळ चालली. खुशीत येऊन तिनं शिरा केला. आबांनी दोन वाट्या खाल्ला आणि मीटर बघणाऱ्या मुलीला पण द्या म्हणाले. तेजस्विनी शिरा खाऊन गेली.

दिवेलागणीला आबांनी ठेका धरला. दोन ओळी म्हटल्या. "पुढं काय?"

उज्वलानं पेन ड्राइव्ह लावून त्यावरचंच 'आबा' उघडलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. गाणं नव्हतंच. पडदाभर इंग्रजी अक्षरं, पण इंग्रजीही नाही. मोठा एच, के, बारका एच, ई, मधेच स्वल्पविराम, मधेच टक्क्याची खूण, आणि जागोजागी काळे चौकोन. पोरानं किल्ल्यांवर बसून नाचावं असा सगळा प्रकार. घाबरून तिनं सेव्ह दाबलं. टायपिस्टची खोड असते ती, हात मोकळा राहिला की सेव्ह. नेमकं तेच करायला नको होतं, पण ते नंतर कळलं.

"पुढं काय, बाई?" आबांनी पुन्हा विचारलं.

तिला आठवतील तेवढ्या ओळी तिनं दिल्या. तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं ऐकलेली गाणी हिला पाठ कशी नाहीत? टायपिस्टचं हेच असतं. मजकूर डोळ्यांतून येतो नि बोटांतून जातो, मधे मुक्काम करत नाही. आणि पाठ करायची गरज कुणाला होती, लॅपटॉप होता की. अर्ध्यावर गाणं थांबलं. आबांनी ताट सरकवलं. रागावले नाहीत, नुसते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. उज्वलाला त्या वेळी स्वतःच्याच कानाखाली दोन द्याव्यात असं वाटलं. बापाच्या डोक्यातलं जे थोडंफार शिल्लक होतं ते तिनं ह्या डब्यात ठेवलं होतं, आणि स्वतःच्या तोंडानं 'पूस' म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनी कॉलेजातून धावत आली. तिनं पाहिलं, बरीच खटपट केली. शेवटी तिनं समजावलं, की फाइल गेली नाही मॅडम, फॉन्ट गेला. ही अक्षरं त्या फॉन्टाचं कातडं पांघरलं की मराठी दिसायची, आता कातडं नाही. दुसरा कोणता नेहमीचा फॉन्ट असता तर इंटरनेटवर मिळाला असता, पण 'गोदा' जगात ह्या एकाच लॅपटॉपवर होता. काहीतरी मार्ग काढते, पण वेळ लागेल. चौकोनांबद्दल मात्र तिनं तोंड बारीक केलं. त्यांच्या जागी काय होतं ते सेव्ह करताना पुसलं गेलंय, आणि पेन ड्राइव्हवरची तीच एक प्रत होती. आता सगळे चौकोन सारखेच. शेजारी-शेजारी ठेवलं असतं तर, असं ती म्हणाली नाही. शहाणी मुलगी. उज्वला ते स्वतःच मनात म्हणत होती.

आबांच्या त्या दोन-तीन संध्याकाळी वाईट गेल्या. सुरू करायचे, अडायचे, विचारायचे, आणि झोपायचे. दुधावर राहिले. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, अगं म्हातारं माणूस, विसरेल गाण्याचं, जेवेल हळूहळू. उज्वलानं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या वाटीतली भाजी ठेवून निघून गेल्या.

मग कोर्टातली गोष्ट. निफाडकडचा एक पक्षकार समोरच्या खुर्चीत बसून मजकूर सांगत होता, अर्थात वाटणीचाच. उज्वला पडद्याकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघत टाइप करत होती, तशीच तिची पद्धत. ओळ संपल्यावर तिनं मान वळवली, तर पडद्यावर यू, के, एफ, एक अवतरणाची टिकली, के, डी. मराठी चालू करायचं राहिलं होतं. हे दर टायपिस्टचं दिवसातून एकदा होतं. शिवी घालायची, खोडायचं, पुन्हा टाइप करायचं. तिनं खोडायला बोट नेलं आणि ते तिथंच राहिलं.

यू, के, एफ, टिकली, के, डी. ती 'नाशिक' टाइप करत होती.

पक्षकार म्हणाला, मॅडम, काय झालं? तिनं त्याला हातानंच थांबवलं. पेन ड्राइव्ह लावला, 'आबा' उघडलं. मोठा एच, के, बारका एच, ई. तिनं डोळे मिटले आणि त्या किल्ल्यांवर बोटं नुसती टेकवली. मोठ्या एचवर अर्धा भ, केवर काना, बारक्या एचवर दुसरी वेलांटी, ईवर म.

भीम.

अक्षरांचं कातडं गेलं होतं, पण खाली तिच्याच बोटांचे ठसे होते. पडद्यावर जी इंग्रजी किल्ली दिसेल ती मराठी चालू ठेवून दाबायची, बस. तिनं मराठी चालू केलं आणि एक ओळ बघून बघून टाइप केली. भीमानं पोरीला दिली पाटी, मी घमेलं खाली ठेविलं. कोर्टाच्या कुंपणाला टेकून उज्वला गांगुर्डे रडली, आणि निफाडच्या माणसाला वाटलं की आपल्या भावकीचं ऐकून बाईंचं काळीज हललं. त्यानं पाणी आणून दिलं. तिनं ते टेबलावर ठेवू दिलं, म्हणजे बघा.

त्या दिवशी घरी येताच तिनं कामाला हात घातला. तेजस्विनी फोनवर म्हणाली, मॅडम, तुम्ही फक्त किल्ल्या सांगा, मी प्रोग्राम लिहिते, एका झटक्यात होईल. उज्वला म्हणाली, लिही, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल, हे मात्र मी हातानं करते. मुख्य अडचण चौकोनांची होती, आणि तिथं प्रोग्राम काय करणार? 'गोदा'त सगळी अक्षरं किल्ल्यांवर मावली नव्हती. अर्धा ज, श्र, द्ध, ह्य अशी अडेल मंडळी ऑल्ट दाबून आकडे मारले की यायची. तेवढ्यांचेच चौकोन झाले होते. बहुतेक जोडाक्षरंच की. 'बु' आणि चौकोन आला तर बुद्ध, हे कोणीही सांगेल. पण सगळेच इतके सरळ नव्हते.

एका ओळीवर ती अडली. 'वाघिणी रित्या केल्या,' आणि पुढं चौकोन, मग 'मानं'. ती मोठ्यानं म्हणाली, वाघिणी रित्या केल्या क्रमानं. एकामागून एक, अर्थ बसत होता.

खाटेवरून आवाज आला, "क्रमानं नाय, श्रमानं. क्रमानं तर मुकादम मोजायचा."

उज्वलानं वळून बघितलं. आबा गुडघ्यावर ठेका धरून बसले होते. तिनं श्रमानं टाइप केलं. पुढच्या चौकोनाला ती थांबली आणि ह्या वेळी मुद्दाम विचारलं, "पुढं काय, आबा?" आबांनी शब्द दिला. तेव्हापासून उलटंच सुरू झालं. दिवेलागणीला ती ओळ वाचत जायची, चौकोन आला की विचारायची, आणि आबा सांगायचे. कधी लगेच, कधी बराच वेळ छताकडं बघून. कधी सांगायचे तो शब्द भलत्याच गाण्यातला असायचा, मग दोघं मिळून गाणं पुन्हा मागून सुरू करायची. आबांना काम लागलं होतं. पुन्हा जेवायला लागले, अर्धी का होईना, भाकरी पोटात जायला लागली. फाइलीतली गाणी एकेक करून सुधारत गेली आणि चिमणीचं गाणं उरलं. ते तिनं शेवटाला का ठेवलं, हे तिलाही ठाऊक होतं.

एका संध्याकाळी तेही काढलं. कडव्यामागून कडवं झालं. आता नेहमीसारखं संपलं म्हणायचं आणि भाकरी थापायला उठायचं, एवढंच राहिलं होतं. पण टाइप करणाऱ्या माणसाला अर्धी प्रत सोडवत नाही. तिनं पुढं वाचलं.

"वायर नाही, खांब नाही, बटन नाही दाराला..."

पुढच्या ओळीत उ होता, मग चौकोन, मग वला. तो चौकोन तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आख्ख्या फाइलीत एवढा एकच चौकोन तिला झोपेतही वाचता आला असता. तरी ती थांबली. हात किल्ल्यांवर होते. मग तिनं विचारलंच.

"पुढं काय, आबा?"

आबांनी डोळे मिटले. ठेका थांबला. नको होतं विचारायला, असं तिला वाटलंही. मग ठेका पुन्हा सुरू झाला आणि आबांनी अख्खी ओळ गाऊन टाकली, चालीवर, वरच्या पट्टीत, मांडवात म्हणायचे तशी.

"उज्वला आली जन्माला, उजेड माझ्या घराला."

उज्वलानं हळूच विचारलं, "कोण हो ही उज्वला?"

"कोण म्हंजे?" आबांना त्या प्रश्नाचा रागच आला. "माझी पोरगी. कोर्टाबाहेर टायपिंग करती. लय हुशार हाय. यील आता."

उज्वला हो म्हणाली. मग तिनं टाइप केलं. उ, अर्धा ज, व, ल, काना. नव्या मराठीत अर्धा ज साध्या किल्ल्यांनीच आला, आकडे मारावे लागले नाहीत. तिनं सेव्ह दाबलं.

"पुढं काय, बाई?"

"पुढं काही नाही आबा. आता खरंच संपलं. जेवायला बसा."

आबा जेवायला बसले. पिठलं होतं, भाकरी होती, ठेचा होता. पहिली भाकरी संपवून त्यांनी दुसरी मागून घेतली आणि तीही संपवली. मग हात धुताना म्हणाले, एक भाकर झाकून ठेवा बाई, पोरगी यायचीय. उज्वलानं एक भाकरी ताटलीखाली झाकून ठेवली. आबा झोपल्यावर तिनं ती काढली, पिठल्याशी खाल्ली आणि ताटली घासून ठेवली.